राज्य बुडालं तरी गाव कसं चालतं, आणि त्याचं बिल कोण भरतं

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

२७ जुलै २०१९ ची सकाळ बदलापूर-वांगणी पट्ट्यातलं कुणी विसरणार नाही. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली होती. गाडीत हजारावर प्रवासी. दुपारपर्यंत एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं, सगळे सुखरूप बाहेर निघाले. टीव्हीवर ते देशाने पाहिलं. त्या गाडीच्या मदतीला आजूबाजूच्या गावातली माणसंही धावली होती, हे त्या मानाने कमी लोकांच्या लक्षात राहिलं.

आम्ही सोनिवलीकडे राहतो. त्या रात्री उल्हास नदीचं पाणी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतं. वीज नाही, फोन लागत नाही, रस्ता दिसत नाही. आमच्याकडे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. आली ती पलीकडच्या चाळीतली चार पोरं, ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन. तळमजल्यावरच्या आजींना त्यांनी त्या ट्यूबवर बसवून बाहेर काढलं. पहाटे एक स्थानिक भाऊ दुधाच्या पिशव्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आले. नाव घेत नाही, गरजही नाही. असे भाऊ प्रत्येक वॉर्डात असतात. त्या दिवशी ते देवासारखे वाटले आणि मी हे आजही मनापासून म्हणतो.

पुढची गोष्ट अशी. वर्षभरात आमच्याकडे पाण्याचा टँकर कुठल्या बिल्डिंगला आधी जाणार, हे भाऊ ठरवायला लागले. मग गणपतीची वर्गणी किती, कोपऱ्यावर गाडी कुणी लावायची, कुणाच्या गाळ्याला कुणी भाड्याने यायचं. काही अडलं की लोक एकमेकांना विचारतात, "भाऊंच्या कानावर घातलं का?" नगरपालिकेत अर्ज दिला का, असं कुणी विचारत नाही.

ही तक्रार भाऊंची नाही. मला प्रश्न पडला तो वेगळा. सरकार एक रात्र नव्हतं, तर एवढं झालं. अख्खं राज्यच कोसळलं आणि वर्षानुवर्षं उभं राहिलं नाही, तर समाज कसा जगतो? राजकारण कसं चालतं? असा विषय निघाला की आपण लगेच सोमालियाकडे, अफगाणिस्तानकडे बोट दाखवतो. पण हे आपल्याच मातीत घडलेलं आहे, आणि त्याचे कागद मराठीत आहेत.

१६८९ साल घ्या.

विजापूर १६८६ ला गेलं, गोवळकोंडा १६८७ ला. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरात संभाजी महाराज पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. राजाराम महाराज एप्रिलमध्ये रायगडावरून निसटले. प्रतापगड, पन्हाळा करत सप्टेंबरअखेर कर्नाटकच्या वाटेला लागले आणि थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला पोचले. नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. आपल्या इकडचं कल्याणही मातबरखान या मोगल सरदाराच्या ताब्यात गेलं, ते मराठ्यांकडे परत यायला तीसेक वर्षं लागली.

म्हणजे राजा मारला गेला, राजधानी गेली, वारस कैदेत, नवा राजा शेकडो कोस लांब आणि तिथेही वेढ्यात. खजिना नाही. पगारी फौज ठेवायला पैसा नाही. आजच्या भाषेत याला राज्य कोसळणं म्हणतात. औरंगजेबालाही बहुधा तसंच वाटलं असणार.

तरी पुढची अठरा वर्षं हा मुलूख त्याला पचला नाही. १७०७ मध्ये नगरला तो मेला तेव्हा लढाई चालूच होती. शाळेत आपण याचं श्रेय संताजी-धनाजींना देतो, महाराणी ताराबाईंना देतो. ते बरोबरच आहे. पण घोडदळाला दाणा लागतो, दाणा गावात पिकतो, आणि गाव चालायला कुणीतरी सारा गोळा करावा लागतो, भांडणं मिटवावी लागतात, बांध कुणाचा ते ठरवावं लागतं. राजधानी नसताना हे कोण करत होतं?

गाव करत होतं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. त्यांच्या वर परगण्याचे देशमुख-देशपांडे. ही माणसं रायगडाच्या पगारावर नव्हती. त्यांचं उत्पन्न त्यांच्या वतनात होतं, जमिनीत आणि पिकातल्या हक्कात. वर निजामशाही असो, आदिलशाही असो, शिवशाही असो, मोगल असो, पाटील तोच. त्यामुळे वरचं छप्पर उडालं तरी भिंती उभ्या राहिल्या.

न्यायाचंही तेच. वतनाचा, वाटणीचा तंटा आला की गोतसभा बसायची. परगण्यातले वतनदार, गावचे पाटील, बलुतेदार एकत्र यायचे, साक्षी ऐकायचे आणि निवाड्याचा कागद करायचे. त्याला महजर म्हणतात. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याची निशाणी काढायचा. पाटलाचा नांगर असे, कारागीर आपल्या हत्याराचं चित्र काढी. हे कागद बघताना अंगावर काटा येतो. राजा कोण आहे याचा पत्ता नाही, पण या शेताची हद्द कुठे आहे याची सगळ्या गावाने मिळून नोंद केली आहे.

आता राजकारणाचं बघा. राजाराम महाराजांनी इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला, त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब दिला. सोबत शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक. पैसा नव्हता, पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती: शिक्का. आणि गंमत म्हणजे त्या शिक्क्याला गिऱ्हाईक होतं. देशमुखाच्या ताब्यात जमीन होती, हाताशी माणसं होती, तरी त्याला छत्रपतींच्या नावाचा कागद हवा होता. कारण उद्या भाऊबंद उठला, तर दाखवायला सनद लागते. ताबा मनगटाच्या जोरावर मिळतो, पण हक्क म्हणून तो टिकवायला सिंहासन लागतं. मग ते जिंजीच्या वेढ्यात का असेना.

याच जिंजीच्या दरबारात, १६९७ च्या सुमारास, कृष्णाजी अनंत सभासदांनी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. विचार करा. वेढा पडलाय आणि राजा सांगतोय, वडिलांनी राज्य कसं चालवलं ते लिहून काढा. राज्य जमिनीवर नव्हतं तेव्हा ते आठवणीत आणि कागदावर सांभाळलं जात होतं.

तिकडे फौजा मोगली मुलखात फिरायला लागल्या आणि चौथ वसूल करायला लागल्या. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. तो चिडून लिहितो की मराठ्यांनी ठिकठिकाणी आपले सुभेदार, कमाविसदार, राहदार नेमले. म्हणजे एकाच मुलखात दोन सरकारं. एक बादशहाचं आणि एक ज्याची राजधानीच नाही असं.

इथपर्यंत गोष्ट अभिमानाची आहे. फेसबुकवर ती बहुतेक वेळा इथेच संपते. मला पुढचं सांगायचं आहे.

शिवाजी महाराजांनी वतनदारांना वेसण घातली होती. सैन्याला रोख पगार, सारावसुली सरकारी कामदारांकडून, वतनदारांचे कोटबंद वाडे पाडलेले. सभासदाच्या बखरीत हे आलं आहे. १६८९ नंतर हे धोरण चालवणं अशक्य झालं. एका हातात औरंगजेबाची मनसब आणि दुसऱ्या हातात मराठ्यांची सनद असा देशमुखांचा लिलाव सुरू झाला. एका घरातला एक भाऊ इकडे, दुसरा तिकडे. राज्य कुणाचंही आलं तरी वतन घरातच राहिलं पाहिजे, हा हिशोब. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण वरचं छप्पर दर पाच वर्षांनी बदलत असेल तर आपण काय करू?

या लिलावात टिकायचं तर राजाराम महाराजांना द्यावं लागलं. वतनं, इनामं, सरंजाम. जून १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना जे आश्वासन दिलं गेलं ते टप्प्याटप्प्याचं आहे. रायगड घेतला की इतकं, विजापूर घेतलं की इतकं, मग भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली. ज्याच्या ताब्यात रायगड नाही तो राजा दिल्ली जिंकल्यावरचं बक्षीस लिहून देतोय! याला हिंमत म्हणा, पण ही उधारीही आहे. जो मुलूख हातात नाही तोच पगार म्हणून वाटून टाकला. जिंकशील ते तुझं.

ती उधारी कधीच फिटली नाही. सरंजाम वंशपरंपरेने चालू लागले. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले आणि चुलती-पुतण्याचं युद्ध सुरू झालं, तेव्हा सरदार भाव बघून बाजू घेत होते. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. पुढे हीच माणसं आणि हीच पद्धत घेऊन मराठे अटकेपर्यंत गेले हेही खरं. पण इंग्रज आल्यावर काय झालं? गायकवाडांचा तह १८०२ मध्ये वेगळा. दुसऱ्या बाजीरावाचा ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला वेगळा. नागपूरकर भोसल्यांचा १७ डिसेंबर १८०३ ला देवगावला. शिंद्यांचा त्याच महिन्यात, ३० तारखेला, सुर्जी-अंजनगावला. होळकरांचा त्यानंतर दोन वर्षांनी. प्रत्येकाने आपापली वही वेगळी बंद केली. ज्या युक्तीने १६८९ ला राज्य वाचलं, तीच युक्ती सव्वाशे वर्षांनी नडली, असं माझं वाचन आहे. इतिहासात एकच कारण कधी नसतं, पण हे कारण मला लहान वाटत नाही.

आणि हे मी आज शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. ज्यांनी तो काळ निभावला त्यांनाच हे कळलं होतं. 'आज्ञापत्र' हा ग्रंथ परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो, १७१६ च्या सुमाराचा. त्यात वतनदारांवर अख्खं प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा की हे नावाचे वतनदार, खरे तर राज्याचे छोटे भागीदारच. दुबळ्याचं ओरबाडायचं आणि परचक्र आलं की वतनासाठी शत्रूला आधी जाऊन भेटायचं, हा यांचा स्वभाव. म्हणून यांना तोडूही नये आणि मोकळंही सोडू नये. हे लिहिणारा माणूस कोण? अठरा वर्षं याच लोकांना कागद देऊन राज्य तगवणारा. अनुभवाचे बोल म्हणतात ते हेच.

आता बिलाकडे येतो.

१८१८ ला पेशवाई संपली. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तो म्हणतो की इथल्या गावांत लहान प्रमाणात राज्याची सगळी सामग्री आहे, वरची सगळी सरकारं काढून घेतली तरी ही गावं आपल्या माणसांना सांभाळू शकतील. मेटकाफने १८३० मध्ये असंच कौतुक केलं. हे कौतुक आपल्या लोकांना फार आवडलं. स्वयंपूर्ण गाव, ग्रामस्वराज्य वगैरे.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कौतुकाला सरळ प्रश्न विचारला. गावं टिकली हे खरं असेल, पण नुसतं टिकण्याला काय किंमत? कुठल्या पातळीवर टिकली ते सांगा.

त्यांना हा प्रश्न विचारायचा हक्क होता. गाव टिकवणाऱ्या त्या यंत्रणेत महार वतनही होतं. रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची कामं, त्या बदल्यात तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. गावची शिव कुठे हे महाराला सगळ्यात चांगलं माहीत, हद्दीच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची, पण पाटलाच्या बरोबरीने बसायची सोय नाही. राज्य बुडो, येवो, त्याचं काम चुकलं नाही. इंग्रजांनीही ही वतनं चालूच ठेवली, फुकटात काम होत होतं ना! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. वतनं प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. म्हणजे गाव टिकवल्याचं बिल राज्य गेल्यानंतरही एकशे चाळीस वर्षं तळातला माणूस भरत होता.

आता सोमालियाकडे बघू. आपल्या अनुभवाचा चष्मा लावून बघितलं की तो देश परका वाटत नाही. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारेची सत्ता कोसळली आणि मोगादिशूत अनेक वर्षं सरकार नव्हतं. तरी लोक जगले. टोळीच्या वडीलधाऱ्यांनी 'हेर' नावाच्या रूढ कायद्याने तंटे मिटवले, म्हणजे त्यांची गोतसभाच. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे हवालाने घरपोच आले. मध्यवर्ती बँक बंद पडली तरी जुन्या सोमाली शिलिंगच्या नोटा बाजारात चालत राहिल्या. मेलेल्या सरकारच्या कागदाला किंमत होती, जशी जिंजीच्या शिक्क्याला होती. उत्तरेला सोमालीलँडमध्ये १९९३ ला बोरामा गावी वडीलधारी मंडळी महिनोन्महिने बसली आणि त्यातून बऱ्यापैकी शांत कारभार उभा राहिला.

पण दक्षिणेत पुन्हा राज्य उभारायची वेळ आली तेव्हा, २००० सालच्या परिषदेत, सत्तेची वाटणी 'साडेचार' या सूत्राने झाली. चार मोठ्या टोळ्यांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्या अल्पसंख्याक गटांना मिळून अर्धा. पडझडीत ज्यांनी आधार दिला त्या टोळ्याच नव्या राज्याचे मालक झाले. ज्यांच्यामागे मोठी टोळी नव्हती त्यांना अर्धा वाटा. महार वतन वाचलेल्या माणसाला हा 'अर्धा' समजावून सांगायला लागत नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर बदलापूरहून लोकलने दोन स्टेशनं पुढे जा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. त्यांचं राज्य बुडालं नव्हतं, पण त्यांच्यापुरतं नाहीसं झालं होतं. पंचायती, नातीगोती, धंद्यातली पत, हे त्यांनी सोबत आणलं आणि त्यावर ती उभी राहिली. पण त्याच वेळी दुसरं एक राज्य हजर होतं. बराकी दिल्या, रेशन दिलं, ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर असं नाव दिलं, मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा १९५४ चा कायदा केला. काम ढिसाळ होतं, रडतखडत होतं, पण निर्वासिताला हक्क सांगायला एक खिडकी होती. समाजाचं जाळं आणि सरकारची खिडकी दोन्ही असल्या की माणूस कुणाचा मिंधा न होता उभा राहू शकतो. नुसतं जाळं असेल तर ते तारतं, पण त्यात अडकायलाही होतं.

म्हणून "सरकार नसलं तरी लोक करतात की सगळं" हे वाक्य ऐकलं की मी अस्वस्थ होतो. लोक करतात, खरंच करतात. १७०२ ते १७०४ मध्ये दख्खनमध्ये दुष्काळ आणि रोगराई पसरली, त्यात वीस लाखांवर माणसं मेली असं मनुचीने लिहून ठेवलंय. आकडा ऐकीव असेल, पण त्यातूनही गावं उरलीच. प्रश्न बाबासाहेबांचाच आहे: उरली ती कशी, आणि कुणाच्या पाठीवर?

आपल्याकडे राज्य कोसळलेलं नाही. पण रोजच्या जगण्यात ते थोडंथोडं गैरहजर असतं. पाण्याच्या वेळी, पुराच्या रात्री, दवाखान्याच्या रांगेत. त्या प्रत्येक गैरहजेरीत कुणीतरी भाऊ मदतीला येतो, आणि प्रत्येक वेळी आपण कृतज्ञतेपोटी त्याला थोडंसं वतन लिहून देतो. आज टँकर, उद्या रस्ता, परवा आपलं मत. मग खरं सरकार दारात आलं तरी ते भाऊंना विचारूनच आत येतं.

ट्यूब घेऊन आलेल्या त्या चार पोरांपैकी एक परवा भेटला. आता रिक्षा चालवतो. त्या रात्रीबद्दल त्याने आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. त्याच्या चाळीत टँकर सगळ्यात शेवटी येतो. मी म्हटलं, भाऊंना सांग ना. तो हसला. म्हणाला, "दादा, सांगायला गेलो की त्यांचा माणूस व्हावं लागतं."

सोमवारी आम्ही दोघं नगरपालिकेत जाऊन टँकरच्या वेळापत्रकाचा लेखी अर्ज देणार आहोत. पोच घेणार आहोत, शिक्क्यासकट. अडचणीत धावून आलेल्या माणसाचे आभार जरूर मानावेत. वतन देऊ नये.